‘वादळाचा वेग मंदावला’ म्हणजे नेमका कुठला वेग?

‘जमिनीवर येताच चक्रीवादळ कमकुवत झाले, वेग मंदावला’ अशा बातम्यांमधल्या ‘कमकुवत’ला चांगला पर्याय कोणता, असा प्रश्न आहे. क्षीण, शमले, विरले, निवळले असे शब्द सुचवले गेले आहेत. त्यांच्याकडे येतोच, पण मला जास्त काळजी त्याच वाक्यातल्या ‘वेग’ या शब्दाची वाटते.

वादळाला दोन वेग असतात. एक, त्यात घोंघावणाऱ्या वाऱ्याचा. दुसरा, अख्खं वादळ ज्या गतीने पुढे सरकतं त्याचा. वाऱ्याचा वेग उतरला तर पत्रे, झाडं, विजेचे खांब वाचतात. सरकण्याचा वेग उतरला तर तोच पाऊस त्याच पाणलोटावर दिवसरात्र कोसळत राहतो. पहिली बातमी दिलाशाची, दुसरी नदीकाठासाठी सर्वांत वाईट, आणि आपण दोन्हींसाठी ‘वेग मंदावला’ एवढंच लिहितो. २०१७ साली ‘हार्वे’ चौथ्या श्रेणीचं वादळ म्हणून टेक्सासच्या किनाऱ्यावर आदळलं. दुसऱ्याच दिवशी त्याचा वारा बराच उतरला, पण मग ते त्या भागातच घुटमळत राहिलं. नेदरलंड या गावाजवळ एकूण १,५३९ मिमीच्या आसपास पाऊस मोजला गेला. ह्यूस्टन पाण्याखाली गेलं ते वाऱ्याचा जोर उतरल्यानंतर.

म्हणून ‘वेग’ वाऱ्यासाठी राखावा आणि वादळाच्या सरकण्याला ‘चाल’ म्हणावं. चाल मंदावली, वादळ रेंगाळलं, घुटमळलं, ठाण मांडून बसलं. एवढे नेमके शब्द हाताशी असताना ‘स्थिरावलं’ मात्र नको. मन स्थिरावतं, भाव स्थिरावतात, रुग्णाची प्रकृती स्थिरावते. या शब्दाने वाचणाऱ्याला हायसं वाटतं, आणि इथे तेच व्हायला नको.

आता मूळ प्रश्न. धुकं विरतं, आभाळ निवळतं, आग शमते. तिन्ही क्रियापदांत गोष्ट संपल्याचा भाव आहे. जमिनीवर आलेल्या वादळाचं तसं नसतं. समुद्राकडून मिळणारी ऊब आणि बाष्प तुटतं, जमिनीच्या घर्षणाने वाऱ्याचा जोर जातो, पण आधीच वर चढलेलं बाष्प हवेतच असतं. वाटेत डोंगर आला की ती हवा आणखी वर ढकलली जाते आणि पाऊस वाढतो. त्यामुळे या चौघांत ‘क्षीण झाले’ त्यातल्या त्यात बरं. जे क्षीण झालं ते अजून आहे, एवढं तरी त्यातून कळतं. तरी माझी पसंती साध्या बोलीला आहे: ‘वारा पडला, पाऊस कायम.’ ‘वारा पडला’ लहान मुलालाही कळतं आणि ते पावसाबद्दल कसलंही आश्वासन देत नाही.

या गोंधळाचं मूळ वर्गवारीत आहे. आपल्या हवामान खात्याच्या लेखी वारा ताशी ६२ किमीला पोचला की ‘चक्रीवादळ’, त्याखाली उतरला की ‘तीव्र अवदाब’, मग ‘अवदाब’, मग नुसतं ‘कमी दाबाचं क्षेत्र’. या पायऱ्यांत पाऊस मोजलेलाच नाही. २०२१ च्या सप्टेंबरात ‘गुलाब’ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं आणि तेलंगणावरून मराठवाड्यापर्यंत पोचलं, तोवर ते चक्रीवादळ राहिलंच नव्हतं. मांजरा धरणाचे दरवाजे मात्र तेव्हाच उघडावे लागले आणि नदीकाठची गावं, शेतं पाण्याखाली गेली. त्याचाच उरलेला भाग पुढे अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ या नावाने पुन्हा चक्रीवादळ झाला आणि ओमानला धडकला. याला ‘विरलं’ कसं म्हणायचं?

जाता जाता, कमी दाबाचं ‘क्षेत्र’ आणि कमी दाबाचा ‘पट्टा’ एक नव्हेत. पट्टा लांबट पसरलेला असतो. वादळ उतरत जाऊन उरतं ते क्षेत्र.

‘ढगफुटी’ही अशा पावसाला सहसा लागू पडत नाही. ढगफुटी म्हणजे छोट्याशा टापूत तासाभरात १०० मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस. वादळाच्या अवशेषाचा पाऊस पसरट आणि चिवट असतो, त्याला ‘संततधार’ किंवा ‘मुसळधार झड’ म्हणणं जास्त खरं.

शेवटी ‘ओसरणे’. पाऊसही ओसरतो आणि पूरही ओसरतो, पण एकाच वेळी नव्हे. ओढे-नाले काही तासांत चढतात आणि उतरतात. मोठ्या नदीत वरचं पाणी खाली पोचायला एक-दोन दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतात. ‘पाऊस ओसरला, जनजीवन पूर्वपदावर’ असा मथळा छापून येतो तेव्हा खालच्या अंगाच्या गावांत पाणी पायरी पायरी चढत असतं. शिवाय मुख्य नदी भरलेली असली की उपनदीचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते उलट मागे तुंबतं. त्याला ‘फुगवटा’ हा अस्सल शब्द आहे. जिथे थेंबभर पाऊस नाही अशा गावातही फुगवट्याचं पाणी शिरतं. म्हणून अशा बातमीत ‘पाऊस उघडला’ असं लिहावं आणि ‘ओसरणे’ पाण्यासाठी ठेवावं, तेही कोणत्या ठिकाणचं पाणी हे सांगून.