निवासी सदनिकेत फराळाचा व्यवसाय : शॉप ॲक्टची पावती पुरेशी आहे का?

प्रश्न (कर्वेनगर, पुणे)

नमस्कार. गेली सहा वर्षे मी आमच्या तळमजल्यावरील सदनिकेत चकली, शेव, चिवडा आणि दिवाळीचा फराळ तयार करून विकते. माझ्याकडे अन्नसुरक्षा नोंदणी, शॉप ॲक्टची (दुकाने व आस्थापना कायद्याची) ऑनलाइन पावती आणि उद्यम नोंदणी आहे. आजवर सासूबाई आणि मी दोघीच सगळे करत होतो. परंतु मागणी वाढल्यामुळे शेजारची रिकामी सदनिका भाड्याने घेऊन तेथे चकलीचे विजेवर चालणारे यंत्र आणि मोठी शेगडी बसवावी व तीन मदतनीस बायका ठेवाव्यात, असा विचार आहे. आमच्या व्यवस्थापक समितीने मात्र सदनिका निवासी असल्याने तेथे व्यवसाय करता येणार नाही, असे लेखी कळवले आहे. मला समितीशी भांडायचे नाही. वरच्या मजल्यावरील आजींना तळणाच्या वासाचा त्रास होतो, हे मलाही ठाऊक आहे. मात्र सरकारी नोंदण्या हाती असताना जागेसाठी वेगळी परवानगी खरोखरच लागते का, आणि लागत असल्यास सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. भाडेकरार पंधरा दिवसांत करायचा आहे.

उत्तर (मसाला उत्पादक, नऱ्हे)

ताई, माझ्या मते तुमची कागदपत्रे पुरेशी आहेत. आमचे गाव ३० जून २०२१ रोजी महापालिकेत आले. त्याआधी मी ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्यावर गिरणी चालवत होतो आणि आता बिगरनिवासी दराने मिळकतकर भरतो. कर घेतात, त्या अर्थी वापर मान्य आहे, असे मी धरून चाललो आहे.

उत्तर (वास्तुविशारद, एरंडवणे)

वरील उत्तरातील समजूत अनेकांची असते आणि तीच पुढे महागात पडते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ताईंकडील तिन्ही कागद खरे आहेत, पण त्यांतील एकही जागेच्या वापराला परवानगी देणारा नाही. शॉप ॲक्टची पावती कामगार विभागाची असते. कमी कामगार असलेल्या आस्थापनेने २०१७ च्या कायद्याप्रमाणे केवळ व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची असते आणि त्या सूचनेची ती पोच असते. अन्नसुरक्षा नोंदणीचा संबंध खाद्यपदार्थाच्या सुरक्षिततेशी आहे, तर उद्यम नोंदणीने उद्योगाला लघुउद्योगाची ओळख मिळते. या सदनिकेत हे काम चालू शकते का, याचा निर्णय महापालिका महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार करते. त्या कायद्यात विकासाच्या व्याख्येतच इमारतीच्या वापरातील महत्त्वाचा बदल येतो, आणि परवानगीवाचून असा बदल झाल्यास कलम ५३ खाली नोटीस येऊ शकते. मिळकतकर बिगरनिवासी दराने भरल्यामुळे अनधिकृत वापर अधिकृत होत नाही. कर आकारणी आणि बांधकाम परवानगी ही महापालिकेची दोन स्वतंत्र कामे आहेत. नऱ्ह्याच्या मित्रांनीही आपल्या गिरणीचे कागद या दृष्टीने एकदा तपासून घ्यावेत.

आता ताईंच्या बाबतीतील खरी मेख. घरातील माणसांनी, पगारी कामगार न ठेवता केलेल्या घरगुती व्यवसायाला विकास नियंत्रण नियमावलीत (बांधकाम व जागावापराच्या नियमांत) निवासी विभागात मुभा असते. तुम्ही आणि सासूबाई जे करत होतात, ते बहुधा या मुभेत बसत होते. तीन मदतनीस, यंत्र आणि स्वतंत्र सदनिका आली की तो घरगुती व्यवसाय राहत नाही, कारखानवजा काम होते. विजेवरील यंत्रे वापरणाऱ्या कार्यशाळेसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३१३ प्रमाणे आयुक्तांची लेखी परवानगी लागते, आणि कलम ३७६ खालील (ठरावीक व्यवसाय व साठ्यांसाठीच्या) परवान्याचीही चौकशी करावी लागेल. म्हणून करारावर सही करण्याआधी त्या इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटापत्र (इमारत वापरण्यास महापालिकेने दिलेला दाखला) पाहा. नकाशात त्या गाळ्यावर ‘निवासी’ लिहिले आहे की ‘दुकान’, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. कागद मालकाकडे नसतील, तर माहितीच्या अधिकारात मागता येतात. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, त्यामुळे पंधरा दिवसांची घाई या कामात चालणार नाही.

उत्तर (गृहनिर्माण संस्थेच्या माजी सचिव, वारजे)

आणखी एक गोष्ट आधी तपासा : तुमची इमारत सहकारी संस्था आहे की १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील अपार्टमेंट? पुण्यात दोन्ही प्रकार शेजारीशेजारी आढळतात आणि रहिवासी दोन्हींना सोसायटीच म्हणतात. संस्था असेल तर उपविधी पाहावे लागतील, अपार्टमेंट असेल तर नोंदवलेले घोषणापत्र. अर्थात समितीने संमती दिली, तरी ती महापालिकेच्या परवानगीच्या जागी चालत नाही.

शिवाय १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच घ्यावा लागतो. निवासी इमारतीत तळमजल्यावर असे सिलिंडर साठवून मोठ्या कढया चढवणे मला स्वतःला धोक्याचे वाटते, आणि आजींच्या वासाच्या त्रासापेक्षा मी समितीत असते तर याच मुद्द्यावर हरकत घेतली असती. घरातच काम ठेवणार असाल, तर वीजवापरही नोंदवत जा. राहत्या घराच्या एका भागातील छोट्या व्यवसायाला महिना ३०० युनिटपर्यंत निवासी दराची सवलत वीजदर ठरवणाऱ्या आदेशांत दिलेली आहे. रिकाम्या सदनिकेत कोणी राहतच नसेल, तर ती सवलत मागता येणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आज मालकांकडून नकाशाची प्रत मिळाली. त्यात ती सदनिका निवासीच आहे, त्यामुळे करार करणार नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बंद दुकान आहे आणि भाडे जवळपास दुप्पट आहे. नकाशात तो गाळा ‘दुकान’ असेल, तर मागील भागात तळण करता येईल का, की त्यासाठीही वेगळी परवानगी लागेल?

उत्तर (वास्तुविशारद, एरंडवणे)

विक्रीसाठी दुकान मान्य असले, तरी तेथे उत्पादन आपोआप मान्य होत नाही. महापालिकेच्या परवाना व आकाशचिन्ह (जाहिरात फलक) विभागात आणि अग्निशमन दलाकडे यंत्राची अश्वशक्ती, शेगड्यांची संख्या व धुराड्याची जागा लिहून विचारा आणि अर्जाची पोच घ्या. भाडेकरारात ‘आवश्यक परवाने न मिळाल्यास अनामत रक्कम पूर्ण परत मिळेल’ हे कलम मालकांकडून आधी मान्य करून घ्या, सही त्यानंतर करा.