बोका कालपासून खात नाही, सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय. रात्रीच न्यावं की सकाळपर्यंत थांबावं?

खिडकीकाठ
बोका, वय सहा वर्षं, नसबंदी झालेली, वजन पावणेसहा किलो. घरातच असतो, खाणं पूर्ण कोरडं. काल संध्याकाळपासून खाण्याला तोंड लावलेलं नाही. आज दुपारपासून दोन उलट्या, आधी फेस, मग पिवळट पाणी. सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जातो, कुंथतो, तसाच बाहेर येतो. बद्धकोष्ठ असावं. अंग गरम लागत नाही, नाक ओलं आहे. नेहमीचा दवाखाना सकाळी दहाला उघडतो. तोवर पोट साफ व्हायला घरी काय देता येईल? आणि एकूणच, मांजर 'जरा मरगळलंय' की 'आत्ता न्यायलाच हवं', हे ओळखायचं कसं?

मिशाळ
पोट साफ व्हायचं काहीही देऊ नका. आधी एवढंच सांगा, शेवटची लघवी कधी झाली? ट्रेमध्ये गेला होता, हे उत्तर नको. वाळू चाळा आणि ओला गोळा सापडतो का ते बघा.

कुंथणाऱ्या बोक्याला बद्धकोष्ठ झालंय असं समजणं ही नेहमीची गफलत आहे, आणि जिवावर बेतणारी. दोन्हींत तो वाळूत बसून जोर करतो. लघवी अडली असेल तर फेऱ्या फार होतात, पाच-दहा मिनिटांत पुन्हा ट्रेमध्ये. मागची जागा सारखी चाटतो. ट्रे सोडून फरशीवर किंवा न्हाणीघरात बसून बघतो, कधी विव्हळतो. बोक्याची मूत्रनळी टोकाकडे इतकी अरुंद असते की बारीक रेव, चिकट स्रावाचा बूच, कधी नुसती सूजही ती बंद करते. घरातच राहणारा, अंगाने भरलेला, कोरड्या खाण्यावरचा बोका हे या दुखण्याचं नेहमीचं गिऱ्हाईक.

उलट्यांचं मूळही पोटात असेल असं नाही. लघवी तुंबली की मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, रक्तात युरिया आणि पोटॅशियम साचतं. युरियाने मळमळतं, पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडतात. पूर्ण अडलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघायची का, हे त्या ओल्या गोळ्यावर ठरतं.

वाळूचाळण
मिशाळ यांच्याशी सहमत. पोट चाचपायचं असेल तर मागच्या पायांच्या जरा पुढे, बोटांच्या पेरांनी, अगदी हलकेच. तुंबलेलं मूत्राशय टणक, गोल, लिंबाएवढं किंवा त्याहून मोठं लागतं आणि हात लागताच बोका कळवळतो. दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका, मूत्राशय फुटू शकतं. हात लावू देत नसेल तर सोडून द्या, तेवढ्यासाठी झटापट नको.

'अंग गरम नाही' यावर समाधान मानू नका. पोटॅशियम चढलेल्या बोक्याचं तापमान उलट खाली जातं. कान-पंजे गार लागत असतील तर ते वाईट लक्षण.

तिन्हीसांज
मांजरं एखादा दिवस उपास करून आपोआप बरी होतात. एवढ्यासाठी मध्यरात्री धावपळ कशाला? सकाळी न्यावं.

मिशाळ
@तिन्हीसांज, नुसतं 'खात नाही' एवढंच असतं तरी मांजराच्या बाबतीत हा हिशोब चुकीचा. उपाशी मांजराच्या अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि यकृतच निकामी व्हायला लागतं. दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणातही हे होतं, जाड मांजरात जास्त. म्हणून प्रौढ मांजराने 24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांशी बोलायचं. छोट्या पिल्लाला एवढाही वेळ नसतो, दोन-तीन वेळचं खाणं चुकलं की साखर उतरते. इथे तर कुंथणंही आहे, त्यामुळे उपासाचा मुद्दाच नाही.

खिडकीकाठ
वाळू चाळली. सकाळपासून ओला गोळा एकही नाही. ट्रेच्या कडेला दोन-तीन थेंब आहेत, गुलाबीसर. पोटाला हात लावला की गुरगुरतो.

मिशाळ
निघा. थेंब पडले म्हणजे वाट मोकळी आहे असं नाही.

निघण्याआधी रात्रीच्या दवाखान्यात फोन करा आणि याच शब्दांत सांगा: 'नसबंदी झालेला बोका, वजन पावणेसहा किलो, सकाळपासून लघवी नाही, दोन उलट्या.' कॅथेटर (लघवीची नळी) घालायची, रक्तातलं पोटॅशियम तपासायची आणि रात्रभर सलाईन लावून ठेवायची सोय आहे का ते विचारा. नसेल तर कुठे आहे हे तेच सांगतील. हे न विचारता गेलात तर एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात वेळ जातो.

बास्केटचं वरचं झाकण निघत असेल तर काढा, बोक्याला टॉवेलमध्ये गुंडाळून वरून ठेवा. खायला काही देऊ नका, भूल द्यावी लागेल. दुखतंय म्हणून माणसाची गोळी तर अजिबात नाही. पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नसतेच, 500 मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते.

करवंद
खिडकीकाठ दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवते.

नाक ओलं की कोरडं, याला जवळजवळ काही किंमत नाही. घुरघुरतंय म्हणजे बरं आहे असंही नाही, मांजर वेदनेतही घुरघुरतं. घरी पाहण्यासारखी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे श्वास. गाढ झोपलेलं असताना (घुरघुर चालू नसताना) छातीचं वर-खाली होणं 30 सेकंद मोजा, दुप्पट करा. 30 च्या आत असेल तर ठीक. शांत पडलेलं असूनही 40 च्या वर राहत असेल तर रात्र काढू नका. तोंड उघडं ठेवून, मान पुढे ताणून किंवा पोट ओढून श्वास घेत असेल तर मोजतही बसू नका. अशा मांजराला कोंडून-पकडून दमवू नये, झटापटीतही ते जाऊ शकतं.

मग हिरड्या. बोटाने दाबून सोडा, पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. पांढरट, निळसर, पिवळ्या किंवा तपकिरी हिरड्या म्हणजे लगेच. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. दोन्ही मागचे पाय अचानक लुळे पडून गार झाले आणि मांजर किंचाळत असेल तर रक्ताची गुठळी अडकलेली असते, तेही लगेच.

ताप बघायचाच तर डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून साधारण 2 सेंमी. 38 ते 39.2 अंश सेल्सिअस नेहमीचं, 40 च्या वर किंवा 37.5 च्या खाली गेलं तर थांबू नका. मांजर चिडलं तर हा उद्योग सोडा, आकड्यावाचून काही अडत नाही.

विषबाधेत लक्षणांची वाट बघायची नसते. लिलीचं पान, अंगावर सांडलेला पराग, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं असेल तर मांजर खेळत असतानाच न्यायचं. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात आणि तेव्हा फार काही हाती राहत नाही. कुत्र्याचं पर्मेथ्रिन असलेलं गोचिडाचं औषध मांजराला लागलं तर अंगाला कंप सुटतो, झटके येतात. मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही.

त्याच दिवशी दाखवण्यासारखं बरंच आहे: दिवसात तीनपेक्षा जास्त उलट्या, रक्त, डोळा मिटून घेणं, चावा झालेल्या जागी गरम गाठ, लस न झालेल्या पिल्लाला उलट्या-जुलाब. उलट्या करणाऱ्या मांजराने दोरा गिळल्याची शंका असेल तर जिभेखाली बघा. दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं. मांजरीचं कुंथणंही याच यादीत. ती क्वचितच अडते, पण मूत्राशयाला सूज असू शकते.

खाणं-खेळणं नेहमीसारखं असून एखादी उलटी किंवा एकदा पातळ शी झाली तर दिवसभर लक्ष ठेवलं तरी चालतं. हळूहळू घटणारं वजन किंवा वाढलेली तहान (दिवसाला किलोमागे 50 मिलिलीटरच्या वर) हे या आठवड्यातलं काम, मध्यरात्रीचं नाही.

तिन्हीसांज
उपासाचा मुद्दा मागे घेतो. खात नसेल तर सिरिंजने भरवायचं का?

करवंद
डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. मळमळणाऱ्या मांजराच्या तोंडात कोंबलं तर श्वासनलिकेत जाऊ शकतं, शिवाय त्या खाण्याचा कायमचा तिटकारा बसतो. ओलं खाणं अंगाच्या उबेइतपत कोमट करून समोर ठेवा. वास आवडला तर खाईल, नाहीतर अर्ध्या तासाने उचलून ठेवा.

खिडकीकाठ
पोचलो. अडलेलंच होतं. पोटॅशियम वाढलेलं होतं, कॅथेटर घातलाय, सलाईन चालू आहे, ठेवून घेतलंय. सगळ्यांचे आभार. घरी आल्यावर काय बघायचं?

वाळूचाळण
कॅथेटर काढल्यावर स्वतःहून लघवी केल्याशिवाय घरी आणू नका. पहिल्या आठवड्यात पुन्हा अडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तेव्हा रोज वाळू चाळून ओले गोळे मोजा आणि आकार बघा. लहान-लहान पुष्कळ गोळे म्हणजे फोन करायची वेळ. सुरुवातीला थोडा गुलाबी रंग दिसेल, तो दिवसागणिक फिका व्हायला हवा. औषधं मध्येच थांबवू नका.

खाणं ओल्यावर आणा, पण आजारपणात एकदम नको, हळूहळू. खड्यांसाठीचं विशेष खाणं कोणतं हे लघवीच्या तपासणीवर ठरतं. स्ट्रुव्हाइट जातीचे खडे विशेष खाण्याने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे नाही, त्यामुळे दुकानदाराच्या सल्ल्याने पिशवी आणू नका. पाण्याची भांडी दोन-तीन जागी, खाण्यापासून लांब ठेवा. आणि पुन्हा कुंथताना दिसला, गोळा नसला, तर इथे विचारत बसू नका, थेट निघा.