हॅमस्टरच्या पिंजऱ्यात घरचा कापूस घालावा का?

वणीची_माय
मागच्या रविवारी लेकीच्या हॅमस्टरचा पाय मी नखं कापायच्या कात्रीनं सोडवला. वेचणी झाली की आमच्याकडे खोलीभर कापूस असतो. सरकी काढून मूठभर मऊ कापूस पिंजऱ्यात टाकायचो. तो त्यात गुरफटून झोपायचा, पाहून जीव सुखावायचा. पण एक तंतू मागच्या पायाला गुंडाळला. तो जितकं ओढत गेला तितका तंतू आवळत गेला. पाय सुजून जांभळा झाला होता आणि घोट्याशी केसाएवढी खोल रेघ. पाय वाचला, एक बोट गेलं. दुकानातली कापसासारखी मऊ गादीही तशीच, तंतूंचीच. माझं मत पक्कं झालंय: कापूस नको. बिनवासाचा साधा टिश्यू पेपर फाडून घाला.

दारव्ह्याचा_शेतकरी
ताई, वाचून वाईट वाटलं. पण यात कापसाचा काय दोष? चिमणी खोप्यात कापूस नेतेच ना? आमच्या पोट्ट्याच्या हॅमस्टरला दोन वर्षं कापूसच आहे, काही झालं नाही. पौषातल्या थंडीत त्या जीवाला कागदावर झोपवायचं का?

वणीची_माय
भाऊ, चिमणीच्या पिल्लांच्या पायाला गुंतलेले धागेही मी सोडवलेत. आणि हॅमस्टर तर दिसेल ते गालाच्या पिशव्यांत कोंबतो. कापूस तिथं चिकटतो, गिळला तर विरघळत नाही, आतडं तुंबतं. शिवाय आपण पऱ्हाटीवर किती फवारण्या करतो ते तुम्हाला सांगायला नको. शंभर-दीडशे ग्रॅमचा जीव तो. रात्रभर त्याच कापसात तोंड खुपसून असतो.

लाखनीचा_धानवाला
मग तणस घाला की. आमच्याकडे सशाला तेच. खातो बी, झोपतो बी. धानाचं तूस मात्र नको, टोचते आन् धूळ उडते.

वणीची_माय
सशाला चालेल, पण कोरडं हवं. पावसात भिजून बुरशी धरलेलं तणस कोणालाच घालू नका.

मूलचा_वाचक
आमच्या गावात आरा मशीनवर सागाचा भुसा फुकट मिळतो. पाणी शोषतो, वास धरत नाही. एवढा विचार कशाला?

दर्यापूरकर
आरा मशीनवरचा माणूस तोंडाला दुपट्टा बांधून काम करतो, ते कशासाठी? बारीक भुशानं माणसाला शिंका येतात, डोळे चुरचुरतात. हा जीव तर त्याच भुशात नाक घालून राहतो. माझ्या गिनीपिगच्या नाकातून पाणी यायचं. भुसा काढून कागद घातला, आठवड्यात थांबलं.

मूलचा_वाचक
कागद रोज कोण बदलणार? आन् आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. उन्हाळ्यात तर मी म्हणतो, खाली काहीच घालू नका. गादीनं उलट उकडते.

दर्यापूरकर
इथं मी तुमच्या विरुद्ध. हा मूळचा बिळात राहणारा प्राणी. सोनेरी हॅमस्टर सिरियातला. १९३० मध्ये अलेप्पोजवळच्या शेतातलं बीळ खणून त्याची आई-पिल्लं काढली होती. आजचे पाळीव बहुतेक त्यांचेच वंशज. उन्हातून वाचायला तो खाली जातो. खालचं काढून घेतलं तर जायचं कुठं? वीतभर थर ठेवा, पिंजरा मातीच्या घरात जमिनीवर आणा, आत मातीचं मडकं आडवं टाका. कूलरचा झोत अंगावर नको. आणि रोज सगळं बदलायचंच नाही. ओला कोपरा तेवढा काढायचा.

दारव्ह्याचा_शेतकरी
काल रात्री पोट्ट्यासोबत बॅटरी लावून पिंजरा पाह्यला. कापसाच्या गोळ्यात दोन जागी तंतू पिळून दोरी झाली होती. पायात नव्हती, पण झाली होती. कापूस काढला. थंडीचं मात्र माझं अजून पटलेलं नाही.

वणीची_माय
थंडीत टिश्यूच्या पट्ट्या दुप्पट घाला भाऊ, आणि एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचा लहान डबा, भोक पाडून. पट्ट्या तो स्वतःच आत ओढून नेतो. आमचा तीन पायांवर लंगडत नेतो.