जिन्याचा रंग आणि ३०२ च्या वहिनींचे हात

सेक्रेटरी काका: सोमवारपासून जिन्याचं रंगकाम सुरू होतंय, चपलांचे स्टँड आत घ्या सगळ्यांनी.

३०२ वहिनी: काका एक विनंती होती, कुठला रंग आणलाय ते टाका ना इथं आणि दुकानातून त्याची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्यात काय काय घातलंय त्याचा कागद, मिळती का बघा

२०१: वहिनी वास नसतोय आता, पाण्यातला रंग हाय. काळजी करू नका

३०२ वहिनी: वासाचं काही नाही हो, पाण्यातला आहे हीच अडचण आहे. पाणी आलं की जंतू आणि बुरशी आलीच, म्हणून डब्यातच प्रिझर्वेटिव्ह घालतात, त्यातलं एक मेथिलआयसोथायाझोलिनोन, डॉक्टर एमआय म्हणतात. तेच शाम्पूत, हँडवॉशमध्ये, भांड्याच्या लिक्विडमध्ये, ओल्या वाइप्समध्ये पण असू शकतं. मला त्याची ॲलर्जी निघालीय.

१०४ काकू: अगं बाई, कधी? बोलली नाहीस ते

३०२ वहिनी: काकू दिवाळीपासून सासूबाई अंथरुणावर आहेत तुम्हाला माहितीच आहे, दिवसातनं आठ-दहा वेळा वाइप्सनं पुसायचं. संक्रांतीपर्यंत उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं भेगाळून रक्त यायला लागलं, म्हणजे वाइप धरतो तेवढीच बोटं, डावा हात एकदम साफ. भाकरीचं पीठ मळताना डोळ्यात पाणी यायचं. मलम लावलं की आठवड्यात बरं, बंद केलं की परत तेच. सगळ्यांनी भांड्याच्या साबणावर ढकललं, हातमोजे घातले, बाई लावली, फरक शून्य. शेवटी एका स्किनच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली, पाठीवर पट्ट्या चिकटवून ४८ तास पाठ भिजवायची नाही, पट्ट्या काढल्यावर एकदा बघितलं आणि दोन दिवसांनी परत. एवढ्या चौकोनात एकच लालभडक, बारीक फोड आलेला. एकदा ही ॲलर्जी झाली की बहुतेक जन्मभर राहती म्हणाले.

४०१ दादा: मग पॅराबेन-फ्री घ्यायचं की वहिनी, आमच्यात सगळं तेच असतंय

३०२ वहिनी: दादा माझ्या वाइप्सच्या पाकिटावर मोठ्ठ्या अक्षरात पॅराबेन-फ्रीच होतं!! मागं बारीक अक्षरात हे एमआय. पॅराबेन म्हणजे पण प्रिझर्वेटिव्हच, दुसऱ्या जातीचं. मला याचाच राग येतो. २००४ ला ब्रिटनमधला एक अभ्यास आला, स्तनाच्या गाठींचे २० नमुने तपासले त्यात पॅराबेन सापडलं म्हणून, पण निरोगी भागात किती असतं ते त्यात ताडून बघितलंच नव्हतं, त्यानं कॅन्सर होतो असं सिद्ध पण झालं नव्हतं. तरी लोक घाबरले आणि कंपन्या दुसरं शोधायला लागल्या. २००५ पासून युरोपात एकटं एमआय १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत शंभर भाग, चालायला लागलं आणि काही वर्षांत ॲलर्जीचे पेशंट इतके वाढले की २०१३ ला अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्माटायटिसच्या, म्हणजे कातडीला काही लागून उठणाऱ्या त्रासाच्या, संघटनेनं ते ‘ॲलर्जन ऑफ द इयर’, म्हणजे त्या वर्षाचा ॲलर्जी करणारा पदार्थ, ठरवलं. २०१७ पासून युरोपात अंगावर राहणाऱ्या क्रीम, लोशन, वाइप्समध्ये बंदच, धुऊन टाकायच्या वस्तूत नंतर १५ पीपीएमची मर्यादा. आणि त्याच संघटनेनं २०१९ ला पॅराबेनला ‘नॉन-ॲलर्जन’ म्हणून निवडलं, म्हणजे ज्याला घाबरून पळालो ते कातडीला जास्त सोसणारं निघालं.

१०४ काकू: म्हणून मी तर बाजारचं काही लावतच नाही, कोरफडीचा गर काढून डबीत ठेवतो, महिनाभर पुरतो

३०२ वहिनी: काकू राग मानू नका पण महिनाभर नका ठेवू, गरात पाणीच असतं, जंतू झालेले डोळ्याला दिसत नाहीत आणि तुम्हाला शुगर आहे. ताजा काढा, लावा, उरलेला टाका. नुसतं खोबरेल ठेवलं तर चालतं कारण त्यात पाणी नसतं. प्रिझर्वेटिव्ह वाईट असं मी म्हणतच नाही, कुठलं आहे ते वाचून घ्या एवढंच

२०१: पण भिंतीला तुम्ही हात लावणार नाही मग कसला त्रास?

३०२ वहिनी: ओल्या रंगातनं ते हवेत येतं, ज्यांना ॲलर्जी आहे त्यांच्या तोंडावर, पापण्यांवर उठतं, काहींना रंग वाळल्यावर पण काही आठवडे. माहेरी कागलला गेले असते पण सासूबाईंना हलवता येत नाही.

सेक्रेटरी काका: दुकानात सांगतो. उद्यापर्यंत थांबा.

सेक्रेटरी काका: ही शीट आली बघा, फोटो टाकलाय. मला त्यातलं काय कळत नाही

३०२ वहिनी: तिसऱ्या भागात दुसऱ्या ओळीत आहे काका, तेच नाव.

४०१ दादा: तिसऱ्या मजल्याला साधा चुना मारूया की, आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घराला दरवर्षी मारायचो, त्यात असलं काय घालावं लागत नाही

सेक्रेटरी काका: व्हय, चुन्यात जंतू टिकत नाहीत. दुसरा, तिसरा आणि चौथा मजला चुना, बाकी ठरलेला रंग. खालचे मजले सगळ्यात शेवटी घेऊ आणि जिन्याच्या खिडक्या रात्री पण कुणी लावायच्या नाहीत.

१०४ काकू: आणि वाइप्स बंद कर गं, माझ्याकडं जुन्या सुती साड्या आहेत, चौकोन कापून आणतो संध्याकाळी

३०२ वहिनी: या काकू, चहा टाकते 🙏