उलटी कथा कोडं का होते?

शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिलेली कथा कोड्यासारखी वाटते, ही तक्रार रास्त आहे. पण दोष क्रमाचा नसतो. शेवट आधीच कळल्यावर ‘काय झालं’ संपतं. ‘का झालं’ हे शिल्लक ठेवावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

आधी पाच-सहा प्रसंग सरळ क्रमाने लिहून काढा, मग उलटे लावा. थेट उलटं लिहायला गेलं की धागे हमखास सुटतात. सगळ्या प्रसंगांतून एकच वस्तू फिरवा. पहिल्या प्रसंगात बाई कान तुटलेला कप कपाटात जपून ठेवते. मधे कुठेतरी तो भिंतीवर आपटतो. शेवटी तोच कप नवाकोरा, भेटीच्या कागदात गुंडाळलेला. स्पष्टीकरणाचं एकही वाक्य लागत नाही.

मराठीत खरी अडचण क्रियापदांची. ‘गेला होता, म्हणाली होती’ असं सुरू झालं की वाचक काळ मोजत बसतो. प्रत्येक प्रसंग साध्या भूतकाळात ठेवा. काळ पहिल्याच ओळीत एखाद्या खुणेने कळू द्या, हातावरचं प्लास्टर, अर्धवट रंगवलेली भिंत, असं काहीतरी. ‘तीन दिवसांपूर्वी’ छापाचे मथळे मात्र नकोत, त्यांनी कथेचं वेळापत्रक होतं.