पोर्तुगालच्या सालेमा गावात सात आठवडे, आणि आजचा सोमवार पूर्ण रिकामा गेला. तुम्हाला असं होतं का?

खिडकीतून_समुद्र:
नमस्कार मंडळी, पोर्तुगालच्या दक्षिणेला अल्गार्वमधे सालेमा नावाचं छोटंसं मच्छीमारांचं गाव आहे, तिथे आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून सात आठवड्यांसाठी राहायला आलोय. नवऱ्याचं काम लॅपटॉपवर, मी बिनपगारी रजेवर. पहिले पंधरा दिवस लागोस, साग्रेश, केप सेंट व्हिन्सेंटचं दीपगृह सगळं धावत पळत बघून झालं. आज सोमवार, सकाळी खाली गेले तर बरीच हॉटेलं बंद, वारा अजिबात नाही, किनाऱ्यावर दोन कुत्री आणि एक आजोबा. त्यांच्या शेजारी कट्ट्यावर जाऊन बसले. ऑक्टोपस पकडायची मातीची मडकी सुरीने खरवडत होते, त्यावर चुन्यासारख्या पांढऱ्या वाकड्या नळ्या घट्ट चिकटलेल्या असतात, खर्र खर्र आवाज आणि पायाशी पांढरा भुगा, एक झालं की दुसरं उचलायचं. मला त्यांची भाषा येत नाही पण मधेच ते "बाल्द" म्हणाले आणि मी काही विचार न करता उठून बादली पुढे केली! मग लक्षात आलं की हा शब्द आपल्याकडे इथूनच आलाय.

असं बसून दुपार झाली. आणि घरी आल्यावर एकदम अपराधी वाटायला लागलं, एवढा खर्च करून आलोय आणि मी अख्खी सकाळ मडकी बघण्यात घालवली. रात्री आठला आईला फोन करावंसं वाटलं तर भारतात साडेबारा. जे असे लांब राहिलेत त्यांनी सांगा ना, अशा दिवसांचं काय करता?

भटकी_चप्पल:
ताई, आधी सोमवारचं सांगते. रविवारी बोटी सहसा समुद्रात जात नाहीत त्यामुळे सोमवारी ताजी मासळी नसते, म्हणून बरेच हॉटेलवाले सोमवारीच सुट्टी घेतात. तुमचं काही चुकलं नाही, गावच विश्रांती घेत होतं.

आणि ती मडकी बघण्यात वेळ वाया गेला असं मला तरी मुळीच वाटत नाही. त्याला तिकडे अल्कात्रुझ म्हणतात. ऑक्टोपसला बिळात लपायची सवय, त्यामुळे आमिष वगैरे काही लागत नाही, रिकामी मडकी दोरीला ओळीने बांधून तळाशी सोडायची, तो आपणहून आत जाऊन बसतो. 750 ग्रॅमपेक्षा लहान असेल तर कायद्याने परत सोडावा लागतो. आता बरेच जण प्लॅस्टिकची वापरतात, मातीची खरवडत बसणारे आजोबा भेटले हे तुमचं नशीब. उद्या परत जाऊन बसा.

ओहोटीची_वाट:
मी तीन वर्षांपूर्वी त्याच पट्ट्यात दोन महिने होतो. मलाही तिसऱ्या आठवड्यात अगदी हेच झालं होतं, बघायची यादी संपते आणि हातात नुसता दिवस उरतो, त्याची भीती वाटते. माझा उपाय म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, मग आपला फिरायचा टाईमही सरकत जातो आणि घड्याळाचा धाक कमी होतो. ओहोटीला किनाऱ्याच्या पश्चिम टोकाला जा, तिथल्या खडकावर डायनासोरच्या पावलांचे ठसे आहेत, बारा-तेरा कोटी वर्षांपूर्वीचे. मी आठवडाभर रोज समोरून जात होतो आणि दिसले नव्हते. फक्त कड्याच्या अगदी खाली बसू नका, दरडी पडतात तिकडे.

मोजून_मापून:
वरचं सगळं पटलं, पण एक काम बसल्या बसल्या उरकून टाका. शेंगेनमधे (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट, पोर्तुगालही त्यातच) 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, आणि पोचल्याचा व निघाल्याचा असे दोन्ही दिवस धरतात. सात आठवडे म्हणजे 49, तसे आरामात बसता पण आधी युरोपात कुठे जाऊन आला असाल तर ते दिवसही मोजा आणि व्हिसावर किती दिवस लिहिलेत तेही बघा. एकदा कागदावर लिहून ठेवलं की डोक्यात ती टिकटिक राहत नाही.

खिडकीतून_समुद्र:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. आज ओहोटी संध्याकाळी साडेपाचला होती, आम्ही दोघं गेलो. ठसे सापडायला वीस मिनिटं लागली कारण मी काहीतरी भलंमोठं शोधत होते. खडक दिवसभर तापलेला, ठशावर तळहात ठेवला तर ऊब लागत होती, नवरा म्हणाला फोटो काढू का, मी म्हटलं थांब जरा.

परत येताना आजोबा दिसले, मडकी स्वच्छ करून ओळीने पालथी घातलेली होती. त्यांनी बोटीकडे बोट दाखवलं आणि सहा बोटं वर केली. सकाळी सहाला निघणार असावेत. अलार्म लावलाय.