शब्दचर्चा: जर्बिलची जाती, गुणसूत्रसंख्या आणि पाऊल

प्रश्न: उत्तर आफ्रिकेतल्या वाळवंटी जर्बिलांवरच्या (उंदरासारखे लहान प्राणी) लेखाचा अनुवाद करतो आहे. ‘स्पीशीज’ला जाती म्हणू की प्रजाती? ‘२एन’ आणि ‘एनएफ’ दोन्हींना ‘गुणसूत्रसंख्या’ चालेल का? ‘हाइंड फूट’ म्हणजे मागचा पाय ना?

उत्तर: जाती लिहा. मराठी परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस. हिंदीत स्पीशीजला ‘प्रजाति’ म्हणतात, तिथून वृत्तपत्रांत गोंधळ आला. गर्बिलस ही प्रजाती, गर्बिलस पिरॅमिडम ही जाती. आणि जर्बिलला जर्बोआ (लांब मागच्या पायांवर उड्या मारणारा दुसरा प्राणी) करू नका. शब्दाचे मूळ एकच, अरबी. पण जर्बोआचे कुल वेगळे.

२एन म्हणजे पेशीतली एकूण गुणसूत्रे, तिला गुणसूत्रसंख्या चालेल. एनएफला मात्र अजिबात नको. ‘बाहुसंख्या’ म्हणा, कारण तिथे भुजा, म्हणजे गुणसूत्राच्या केंद्रापासून निघणारे भाग, मोजतात: मध्यकेंद्री (केंद्र मधोमध असलेल्या) गुणसूत्राच्या दोन, अग्रकेंद्रीची (केंद्र टोकाजवळ असलेल्याची) एक. दोन अग्रकेंद्री जोडली जाऊन एक मध्यकेंद्री झाले, तर गुणसूत्रे घटतात, भुजा तितक्याच राहतात. हा फरक पुसला की लेखाचा मुद्दाच जातो.

दुसरे उत्तर: ‘हाइंड फूट’ म्हणजे मागचे पाऊल, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत. अमेरिकी पद्धतीत नखासह मोजतात, ब्रिटिश पद्धतीत नख वगळून. म्हणून ‘नखासह’ किंवा ‘नखाविना’ लिहायलाच हवे. लहान जर्बिलमध्ये एवढ्या फरकानेही निष्कर्ष चुकतो. शेपूट, कान आणि वजन ही मापे वयाबरोबर बदलतात, त्यामुळे पिल्ले वेगळी काढतात. गर्बिलस पिरॅमिडम आणि गर्बिलस तराबुली या जाती बाहेरून इतक्या सारख्या, की मापांवर भिस्त ठेवता येत नाही. गुणसूत्रे मात्र अनुक्रमे ३८ आणि ४०.

पहिल्या उत्तराला पुरवणी: बाहुसंख्येतल्या बऱ्याच चुका काचपट्टीवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकासाठी नमुना तयार करताना, होतात. कॉल्चिसीन हे रसायन तर्कुतंतू (विभाजनात गुणसूत्रे ओढणारे धागे) बनू देत नाही, पेशी विभाजनाच्या मध्यावस्थेत अडकतात. ते जास्त वेळ राहिले तर गुणसूत्रे आखडतात, आखूड भुजा दिसत नाहीत आणि बाहुसंख्या कमी भरते. मग मांडीच्या हाडातला मगज ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये, ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. हे अवपरासारी, म्हणजे पेशीतल्या द्रवापेक्षा विरळ, द्रावण. पेशी फुगतात, गुणसूत्रे पसरतात. वेळ कमी पडली तर ती एकमेकांवर पडतात, जास्त झाली तर पेशी फुटून काही निसटतात. स्थिरीकरणाला मिथेनॉल तीन भाग, अ‍ॅसिटिक आम्ल एक भाग, आयत्या वेळी मिसळलेले. एका पेशीतली कमी संख्या पुरावा नव्हे. अनेक पेशींत जुळते ती धरा.

प्रश्न: लेखात गर्बिलस गर्बिलसपुढे ‘४२/४३’ आहे. छापील चूक?

उत्तर: चूक नाही, आणि दोन जातीही नाहीत. मादीत ४२, नरात ४३. या जातीत एक्स या लिंगगुणसूत्राला एक साधे (लिंगगुणसूत्र नसलेले) गुणसूत्र जोडलेले आहे. नरात एक्स एकच, म्हणून त्या साध्या गुणसूत्राचा जोडीदार सुटा राहतो. त्याला वाय-२ म्हणतात. अनुवादात ‘मादी ४२, नर ४३’ असेच उलगडून लिहा.